तीनशे सहासष्ट वाटाणे

प्रिय टॅमसिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, एवढ्यावरच मी आज खूश आहे. न उघडता कचऱ्यात टाकलं असतंस तरी तुला बोल लावायला मला तोंड नव्हतं. सव्वा वर्षात मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि त्याआधी जी लिहिली ती लिहायला नको होती. परवा दोनदा तुझा नंबर लावला आणि दोन्ही वेळा घंटी वाजायच्या आत बंद केला. साठी उलटलेल्या बाईचे हे चाळे! हेडली म्हणाला, "लॉर्ना, तोंडाने तू फक्त भांडतेस. कागदावर जरा माणसासारखी असतेस. लिही." म्हणून रविवारची भांडी तशीच सिंकमध्ये ठेवून बसले आहे. तू आपल्या पूजेच्या वर्तुळात परत येशील की नाही, मला ठाऊक नाही. आज मला तुझ्याविषयी जे वाटतं आहे ते मात्र तुला कळलंच पाहिजे.

आधी इकडची खुशाली. हेडलीचा गुडघा तसाच आहे. अजूनही तो लोकांच्या घरी वायरिंगसाठी शिड्या चढतो आणि दर पौर्णिमेला टेकडी चढायच्या वेळी मात्र कण्हतो. आयोनाने दुसऱ्यांदा लग्न केलं, पहिल्याच नवऱ्याशी. आपल्या रीतीने आम्ही त्यांचे हात दोरीने बांधले तेव्हा तो विचारत होता, "या वेळी गाठ जरा घट्ट मारता येईल का?" माझं म्हणशील तर शाळेचं स्वयंपाकघर, दोनशे दहा मुलं आणि बादलीभर ग्रेव्ही. मांसात भरायला म्हणून येणारा सेजचा पाला मी अजूनही दोन मुठी खिशात घालून घरी आणते आणि देव्हाऱ्यापुढे जाळते. जुन्या देवांना आजवर फरक कळलेला नाही.

तुझी आठवण मात्र भलत्या भलत्या वेळी येते. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा अंगावर रेल्वेचं नारिंगी जाकीट होतं. त्या छोट्याशा सिग्नल केबिनमधून पहाटेची पाळी संपवून तू तशीच टेकडी चढून आली होतीस. मी तुला पहिल्याच दिवशी ध्यानाला बसवलं आणि तू चौथ्या मिनिटाला घोरायला लागलीस. तीस वर्षांत माझ्याकडे शिकायला पुष्कळ जण आले. कुणी मखमली झगे शिवून आले, कुणी दाही बोटांत अंगठ्या घालून आले. ध्यानात घोरणारी तू पहिलीच. आयोना हसली, मी तिला दटावलं, आणि मनात म्हटलं, ही टिकेल. तू केबिनमधल्या खटक्यांना वनस्पतींची नावं दिली होतीस, आठवतं? चार नंबर म्हणजे एल्डर, अकरा नंबर म्हणजे नागदवणा. गाडी आली की खटका ओढायचा आणि त्या झाडाचे गुण मनात म्हणायचे. तीन आठवड्यांत तुझी सगळी यादी पाठ झाली होती. मला ती पाठ करायला दोन वर्षं लागली होती. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. पण शिष्याचं कौतुक तोंडावर करू नये, असं मला शिकवलं होतं. ते शिकवणं चुकीचं होतं असं आता वाटतं.

मला विनिफ्रेडने शिकवलं. ती कापडगिरणीत मागावर होती. गिरणीच्या भिंतीवर मालकाने दिलेलं कॅलेंडर असायचं आणि ती म्हणायची, "आपला दिवस मालकाच्या कागदावर मोजायचा नाही." म्हणून आपल्याकडे वाटाणे. शिकाऊ माणसाचं एक वर्ष आणि एक दिवस. बरणीत तीनशे सहासष्ट सुके वाटाणे भरायचे आणि रोज सकाळी एक काढायचा. बरणी रिकामी झाली त्या दिवशी सूर्य मावळताना टेकडीवरच्या दगडापाशी दीक्षा. तारीख कुठे लिहायची नाही. मला या रीतीचा केवढा अभिमान! तुझ्या बरणीतले वाटाणे मी शाळेच्या कोठीतून आणले होते आणि एक एक निवडून घेतला होता, किडका एकही नव्हता. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की एक वाटाणा काढायचा आणि तुझं नाव घ्यायचं. तीनशे सहासष्ट सकाळी मी तुझं नाव घेतलं आहे, पोरी.

मग तो नोव्हेंबर आला. बरणीत सात वाटाणे उरले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, येत्या मंगळवारी. तू हळूच म्हणालीस, "लॉर्ना, बुधवार नाही का होत?" आणि बुधवारी तुझी सुट्टी होती. झालं, माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वाटाणे खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात, सुट्टीच्या सोयीसाठी." तुझा चेहरा लाल झाला.  मंगळवारी पहाटेची पाळी मागून घेतलीस, म्हणजे दोनला सुटून साडेतीनपर्यंत वर पोचता येईल.

पुढचं तुला माहीतच आहे, तरी मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. दुपारी भांडी घासून मी फोन पाहिला तर तुझा निरोप होता. बदलीवाल्याची गाडी बर्फाच्या चिखलात घसरून खड्ड्यात गेली आहे, तो धड आहे, पण दुसरं माणूस येईपर्यंत मला केबिन सोडता येत नाही, गाड्या चालू आहेत. आणि खाली एक ओळ: "उद्या केलं तर? तसाही उद्याच बरोबर दिवस आहे." ती शेवटची ओळ मला झोंबली. आम्ही सात जण दगडापाशी गारठत उभे राहिलो. सूर्य गेला आणि मी तुला लिहिलं, "ज्याला यायचं असतं तो येतो. आपली विद्या तुझ्या ड्युटीच्या तक्त्यासाठी थांबत नाही. काय ते एक निवड." दोन गाड्या एकमेकींवर जाऊ न देण्यासाठी जागेवर बसलेल्या मुलीला मी हे लिहिलं, आणि तेही स्वतः शाळेची सुट्टी झाल्यावर! माझ्या स्वयंपाकघरात कुणी दोनशे मुलांचं जेवण अर्धवट टाकून दीक्षेला गेली असती, तर मी तिला चमच्याने बडवलं असतं. आधी पोटोबा हे मला दुसऱ्यांच्या बाबतीत कळतच नव्हतं.

आता गेल्या शुक्रवारचं सांगते. माझ्याबरोबर भाजी चिरणारी नोरीन एकोणतीस फेब्रुवारीची आहे. दर वर्षी तिची तीच रड असते. "माझा वाढदिवस यंदाही नाही. ना अठ्ठावीसला कुणी विचारत, ना एक तारखेला." मी म्हटलं, करू की केक, बाई, रडू नकोस. तर म्हणते, "तसा नको. दोन वर्षांपूर्वी केला होतास तसा कर, लिंबाचा. माझा खरा तेरावा वाढदिवस होता तो, तू वर तेरा मेणबत्त्या लावल्या होत्यास." मी हसले. ग्रेव्हीत डाव घातला. आणि तो डाव तसाच हातात राहिला, टॅमसिन.

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे तुझी बरणी ओट्यावर होती तो फेब्रुवारी. त्याच सकाळी मी बरणीतून एक वाटाणा काढला असणार, तुझं नाव घेतलं असणार, आणि शाळेत येऊन एकोणतीस तारखेचा केक केला असणार. त्या वर्षात एक दिवस जास्त होता आणि तो मी माझ्या हाताने, लिंबू पिळून, तेरा मेणबत्त्या लावून साजरा केला होता! बरणीत तीनशे सदुसष्ट हवे होते. तीस वर्षं मी शाळा इकडे आणि विद्या तिकडे अशी भिंत घालून जगले, कुणाला काही कळू नये म्हणून. एकीकडचं दुसरीकडे मलाही कळेनासं झालं.

घरी येऊन वही काढली. विनिफ्रेडची वही मी तरुणपणी हाताने उतरवून घेतली, तशी तूही माझी उतरवलीस. वाटाण्यांच्या पानावर, समासात, माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: "लीप वर्ष मध्ये आलं तर एक जास्त." मी उतरवलं आणि विसरले. तू उतरवलंस आणि लक्षात ठेवलंस. त्या दिवशी तू वहीतलं ते पान माझ्यापुढे धरू शकली असतीस. सगळ्यांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून गप्प बसलीस ना? मला आता तसंच वाटतं. मी त्या पानावर रडले, आणि पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं ते वेगळंच.

शनिवारी हेडलीला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बुधवारी ती वर गेली होती." मी विचारलं, कोण? "कोण म्हणजे? टॅमसिन. दगडापासून तिने मला फोन केला. म्हणाली, मी आलेय, इथे कुणीच नाही. मी म्हटलं, घरी जा बाळ, थंडी आहे. तुला सांगणार होतो, पण तिचं नाव काढायचं नाही असा तुझा हुकूम होता." मी त्याला खूप बोलले. त्याने मला बोलू दिलं, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "संपलं? आता हेच स्वतःला म्हण."

संध्याकाळी नोरीन घरी आली, तिलाही मी सगळं सांगून टाकलं. बटाटे सोलता सोलता, की दर सोमवारी समूहगानाला जाते असं मी तीस वर्षं सांगत आले ते खोटं, आम्ही सात जण जुन्या देवांची पूजा करतो, झाडपाला, चंद्र, मंत्र शिकतो आणि शिकवतो, आणि मी त्यांतली थोरली आहे. मला वाटलं ती आता सुरी खाली ठेवणार. ती म्हणाली, "एवढंच? मला वाटायचं तुझं कुणाशी तरी चाललंय. गाताना तर तुला कधी ऐकलं नव्हतं." आणि मग म्हणाली, "त्या रेल्वेच्या पोरीची माफी मागितलीस का?" तीस वर्षं मी ज्या गोष्टीला घाबरले, ती अर्धा किलो बटाट्यांत आटोपली.

आज सकाळी मी सगळ्यांना दगडापाशी बोलावलं आणि माझी चूक सांगितली. थोरलीची दोरी कमरेची सोडून आयोनाच्या हातात दिली. ज्याने शिष्याचा दिवस चुकीचा मोजला आणि वर शिष्यालाच खोटं पाडलं, त्याने वर्तुळ उघडू नये. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मला ते पटतं. कुणी मला अडवलं नाही. थोडं अडवतील असं वाटलं होतं, खरं सांगते. मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवली, आणि ती तुला कळवायला हे पत्र आहे. तुला पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. तुझं वर्ष त्या बुधवारीच पूर्ण झालं. बरोबर दिवशी, बरोबर वेळी दगडापाशी आपल्यातलं एकच माणूस हजर होतं, आणि ती तू होतीस. न आलेले आम्ही सात जण. राहिलं आहे ते फक्त आमचं येणं. गुरुवारी तुझी पहाटेची पाळी आहे असं हेडलीकडून कळलं. मी नोकरीत पहिल्यांदा खरं कारण लिहून अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज तयार ठेवला आहे आणि नोरीन ग्रेव्ही बघणार आहे. दोन वाजता मी केबिनखालच्या फाटकापाशी उभी असेन. बरोबर फक्त थर्मासमधला चहा असेल, झगा नाही, दोरी नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर खिडकीतून नुसता हात हलव, मी समजेन आणि पुढच्या बसने परत जाईन. आणि खाली यायचं असेल, पण बदलीवाला आला नसेल, तर घाई करू नकोस, गाड्या सांभाळ. तो चारला येवो, आठला येवो, मी थांबते.

तुझीच,
लॉर्ना