उंदीर जगवायचं औषध

मी, नूतन तोताराम बोरसे, वय ६३, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणी डोक्यावर बसलेलं नसताना लिहिते. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. डोकं शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे वारसांची भानगड फारशी नाही.

१. मेहरूणमधलं घर आणि बँकेतली शिल्लक माझी भाची भूमिका अभिमन बोरसे हिला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. दोंडाईच्याजवळच्या शेतातला माझा हिस्सा धाकटा भाऊ अभिमन याला. कसतो तोच, त्यामुळे त्याचाच आहे.

३. नोकरीभर आणि नंतरही मी एकच काम केलं. उंदरांचं आयुष्य वाढावं म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत जी जी औषधं दिली गेली, त्यांचे आकडे एकत्र केले. अभिमनने गावभर सांगितलं, "मनी अक्का उंदीरसनं औषध बनाडस." गावात उंदराचं औषध म्हणजे उंदीर मारायचं. दर हंगामात कोणीतरी पुडी मागायला यायचं. मी चिडायची आणि तो खो खो हसायचा.

आकड्यांतून निघालं ते एवढंच. बहुतेक ठिकाणी औषध न दिलेले उंदीरच हेळसांडीने लवकर मेले होते, म्हणून औषधवाले दीर्घायुषी ठरले. शेजारी लवकर गेला म्हणून आपण शंभरी गाठत नाही. जिथे दोघांनाही नीट पाळलं, तिथे फरक जवळजवळ उरला नाही. हे काम पुढे न्यायला मी बऱ्याच जणांना विचारलं, कोणालाच नको आहे. हे सगळे आकडे ज्यात आहेत तो संगणक भूमिकाने ठेवावा. ती तो उघडणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याचं वाईट वाटतं.

४. माझा विद्यार्थी हितेंद्र याला काहीही देऊ नये. फसलेले प्रयोग गाळून उरलेल्या आकड्यांच्या जोरावर तो आयुष्य वाढवणारं चूर्ण विकतो आणि डब्यावर माझं नाव छापतो. ते नाव काढायला लावावे. मी गेल्यावर ते अवघड जाईल, असं वकील म्हणतात. जिवंत असतानाही जमलेलं नाही.

५. हे कलम भूमिकाने अभिमनसमोर वाचू नये. त्याला वाचायचा कंटाळा आहे, तो स्वतःहून चाळणार नाही.

माझा आजार कळल्यावर अभिमन धावत आला आणि माझं काम त्याला पहिल्यांदाच समजलं. "अक्का, तू उंदीरसले जगाडस, मंग तुनाकरता औषध काब्र नही?" असं औषधच नाही, हे मी परोपरीने सांगितलं. मी लपवते आहे असं वाटून तो हितेंद्रकडून डबा घेऊन आला. "यावर तुनंच नाव शे," म्हणाला. आता दर आठवड्याला दोंडाईच्याहून रेल्वेने येतो, दुधात चमचाभर कालवतो आणि समोर उभा राहतो. "इतलं पी, बठ्ठं बरं व्हई जाई." मी पिते. त्यात काही नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

मी गेल्यावर त्याला सांगावे की, डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचं सांगितलं होतं, अक्का त्यापुढे जगली ती तुझ्या डब्यामुळे. नाहीतर आपणच कमी पडलो म्हणून तो झुरत बसेल. हे ऐकून तो आणखी चार जणांना डबा घ्यायला लावेल, हेही मला कळतं. त्यांना भूमिकाने खरं काय ते सांगावे. ते ऐकणार नाहीत.

आणि मी दिवाळीआधीच गेले, तर म्हणावे, औषध उशिरा सुरू झालं. प्रयोग फसला की जो तो मला हेच लिहून कळवायचा, आणि मी त्याचे आकडे फसलेल्यांतच धरायची.

वाचून पाहिलं, लिहिलंय ते माझंच आहे, म्हणून सही करते.

नूतन तोताराम बोरसे
ठिकाण: जळगाव
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

सही आमच्यादेखत झाली:
१. प्रेमराज वना सोनवणे, शेजारी, मेहरूण
२. डॉ. दिपमाला कौतिक महाजन, जळगाव