शेठजींना परवानगी नाही

दापोडे,
मंगळवार

तीर्थस्वरूप रामूमामा यांस,

एकच माणूस एकाच वेळी गोडाऊनचा मालक आणि त्याच गोडाऊनमधलं काम सोडून गेलेला कामगार असू शकतो का? मला याचं उत्तर येत नाही. बी.कॉम.च्या तीन वर्षांत हा प्रश्न कधी आला नाही, आणि ऑफिसातला नवा सर्व्हर म्हणतो की असू शकतो.

प्रश्न आधी आणि नमस्कार मागून, याबद्दल रागावू नका. डोक्यात दुसरं काही उरलेलंच नाही. तुम्हाला आणि मामीला नमस्कार. तुमचा गुडघा आता दुमडतो का? आम्ही सगळे ठीक आहोत (आईचं ठीक असणं गुरुवारवर अवलंबून आहे, ते पुढे येईलच). फोन का केला नाहीस, असं तुम्ही म्हणाल. मामा, पंक्चर काढताना हात काळे होतात म्हणून तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मी बोललेलं शेलार फाट्यावरच्या प्रत्येक टेम्पोवाल्याला ऐकू जातं. मी तुम्हाला माझा निकाल सांगितला तेव्हा तुमच्याआधी कुणी तरी चाचा "मुबारक हो बेटी" म्हणाले होते. तो निकाल होता. हे प्रकरण तसं नाही.

तुमच्या शब्दावर केसरीनाथ शेठनी मला ऑफिसात घेतलं, हे मी विसरलेले नाही. (ते अजूनही आल्यागेल्याला सांगतात, "हिचा मामा आणि मी एका कबड्डीच्या संघात व्हतो." मी बी.कॉम. झाले आहे हे मात्र मलाच सांगावं लागतं.) आई तिथेच पॅकिंगला आहे. सगळ्यांसमोर ती मला मॅडम म्हणते आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यात भाजी उरली म्हणून सगळ्यांसमोरच ओरडते. तर ज्या कंपनीचे प्रेशर कुकर आपल्याकडे असतात, तिने कळवलं की यापुढे आवक-जावक, हजेरी, दाराचं कुलूप, सगळं सर्व्हरवर पाहिजे. गुरुवारी त्यांची माणसं बघायला येणार. शेठनी त्यांच्यासमोर स्वतःच्या नावाने आत जाऊन एक गाडी मंजूर करून दाखवायची. नाही जमलं तर कुकर वळ गावातल्या दुसऱ्या गोडाऊनला जातील, आणि कुकरांबरोबर पॅकिंगच्या बायकांचं कामही. म्हणजे आईचंही.

ठाण्याहून जीवन नावाचा मुलगा आला, कपाटात एक काळा डबा बसवून गेला. त्याने मला समजावलं की माणसांचे गट करायचे, आणि कुठल्या गटाला काय उघडेल ते एकदाच ठरवायचं. मामा, मला हे इतकं आवडलं म्हणून सांगू! ओळखीचा आहे म्हणून आत, गरीब आहे म्हणून बाहेर, असं काही नाही. मला वाटलं, संविधानच कपाटात बसवलंय. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नियम सर्वांना सारखा'. (शेठ वाचून म्हणाले, "अक्षर चांगला हाय.")

मी गट केले: ऑफिस, हिशेब, पॅकिंग, हमाल, वॉचमन आणि मालक. शेवटी एक 'सोडून गेलेले'. जे काम सोडून गेले त्यांची नावं जुन्या नोंदींत असल्यामुळे पुसता येत नाहीत, म्हणून ती या गटात ठेवायची आणि या गटाला सगळी दारं बंद. शेठना अर्थातच मी 'मालक'मध्ये घातलं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा नसल्यामुळे नाक कॉम्प्युटरच्या पडद्याला लावलं आणि म्हणाले, "पोरी, हमालांत माझा नाव न्हाय?"

"शेठ, तुम्ही हमाल नाही."

"गावात बॅनर लागतो, त्याच्यावर पयला फोटो कोनाचा? मी काय मिरवनुकीत नाचतो? लग्नाची पत्रिका निघते, त्यात पयला नाव कोनाचा? लगीन काय माझा हाय?"

मी प्रत्येक गटात शेठचं नाव पहिलं घातलं. ते बोटाने खाली खाली येत राहिले आणि शेवटच्या गटावर थांबले. "ह्यात पन." मीही घातलं. नाव घातल्याने कुणाचं काय जाणार, असा माझा समज.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला आणि यंत्रातली बाई अत्यंत नम्रपणे म्हणाली, "आपल्याला परवानगी नाही." त्यांनी उलटं लावलं, धोतराला पुसून लावलं, बाईला चार शब्द सुनावले. तिचा नम्रपणा काही ढळला नाही. शेवटी मागे उभ्या असलेल्या आईला ते म्हणाले, "हौसा, तुझा कार्ड दे." आई म्हणाली, "घ्या की. पन माझ्या नावावर आत चाल्लात तर चार पेट्या भरा माझ्या." सगळ्या बायका हसल्या. शेठ आत गेले, आणि तेव्हापासून रोज हौसाची हजेरी दोनदा लागते. नोंदींप्रमाणे पॅकिंगमध्ये एक बाई वाढली आहे आणि मालक कामावर आलेलेच नाहीत.

मग मी लागले शोधायला. पासवर्ड बदलला. पुन्हा बदलला. डबा बंद करून चालू केला. नवं कार्ड काढलं. जीवनला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, सरांचे राइट्स वाढवा ना." मी वाढवले. पार्किंगचे दिले, कँटीनचे दिले, पाण्याचा टँकर मागवायचे दिले. आता शेठना टँकर मागवायचा पूर्ण अधिकार आहे, फक्त तो वापरण्यासाठी आत जाता येत नाही. मी जितकं देत गेले तितकी ती बाई जास्तच नम्रपणे नाही म्हणू लागली (हे मला वाटत असेल). शेठ एव्हाना रोज मला विचारायचे, "पोरी, डिग्री असलीच शिकलीस का दुसरी काय?"

शेवटी जीवनने ठाण्यात बसून माझे गट उघडून पाहिले. फोनवर त्याच्या मागे दोन-तीन माणसं हसल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "मॅडम, बाकी सगळे गट सरांना हो म्हणतायत. एकच नाही म्हणतोय. सिस्टिममध्ये हो कितीही असू देत, नाही जिंकतं." मी म्हटलं, हा कुठला न्याय? आपल्याकडे सगळे हो म्हणाले की एकट्याचं नाही कुणी ऐकतं का? तो म्हणाला, "म्हणूनच तर कॉम्प्युटर लागतो."

म्हणजे शेठचं नाव 'सोडून गेलेले'मधून काढलं की संपलं. मी आनंदाने सांगायला गेले, तर शेठ ऐकूनच घेईनात. म्हणाले, "तिथलाच का काढायचा? सोडून गेली ती मानसं माझी न्हाईत? दिवालीला मिठाई कोन धाडतो त्यांना? मी निघालो तर त्यांच्यात आपला कोन राहिला? घरचा एक तरी मानूस नको?" मी पुन्हा सांगू लागले तेव्हा चिडून म्हणाले, "काढायचा तर सगल्यांतून काढ, जा!" आणि मोटारसायकलला किक मारून गेले. ही परवानगी होती की राग, ते मला अजून कळलेलं नाही.

मामा, माझा गोंधळ असा आहे की शेठचं मला पटतं. गेलेल्या माणसांना आपलं म्हणणारा मालक मी दुसरा पाहिलेला नाही. आणि त्या यंत्रातल्या बाईचंही पटतं. फळ्यावर मीच लिहिलंय. दोघंही बरोबर असतील तर चुकतंय कोण? आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तू. दोघांच्या मधी तूच उभी हायस ना?" तुम्ही मोठे आहात, शेठना माझ्या जन्माआधीपासून ओळखता. त्यांचा मान राहील आणि गुरुवारी दारही उघडेल, असं काय करावं, ते सांगा.

आपली भाची,
नेत्रा

ता. क. – पत्र आईबरोबर पाठवते आहे, सोबत सुकटीची पिशवी. आई तशीच पुढे वळ गावाला, शेठच्या पुतण्याच्या हळदीला जाणार आहे. तुम्हालाही आमंत्रण आहे, तर गुडघ्याचं निमित्त न करता जा आणि शेठच्या शेजारी बसा.

ता. क. २ – शेजारी का, ते लिहायचं राहिलं. तुमचा सल्ला विचारला खरा, पण दुपारीच मी 'मालक' सोडून बाकी सगळ्या गटांतून शेठचं नाव काढलं. जीवन म्हणतो, आता त्यांना सगळं उघडतंय. फक्त एक गोष्ट त्याने नंतर सांगितली: प्रत्येक नाव काढल्याचा निरोप ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आपोआप जातो. 'आपणास हमाल गटातून काढून टाकण्यात आले आहे', 'आपणास वॉचमन गटातून काढून टाकण्यात आले आहे', असे एकामागून एक. मोबाइलवरची बारीक अक्षरं शेठ स्वतः वाचत नाहीत. त्यांची पुतणी उन्नती त्यांना वाचून दाखवते, आणि तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे. मांडवात तिने सुरुवात करायच्या आत तुम्ही त्यांना नीट समजावा.

ता. क. ३ – आणि त्यांना पटलं, तर मोबाइलवरचं एक बटण दाबायला सांगा. 'सोडून गेलेले'मध्ये घरचं एक तरी माणूस हवं, असं शेठ म्हणाले होते, आणि ते मला मनापासून पटलं होतं. त्यांचं नाव काढल्यावर ती जागा रिकामी राहू नये म्हणून मी तिथे माझं नाव घातलं आणि सेव्ह केलं. तेव्हापासून मला काहीच उघडत नाही. जीवन म्हणतो, मला परत आत घ्यायचा अधिकार आता एकट्या मालकाला आहे. मी दाराबाहेरच्या खोक्यावर बसून हे लिहिलं.