वाचणाऱ्याचं प्रकरण

पिस्कॅटवे, १२ ऑक्टोबर १९९६

— मेथी निवडत होते. वॉशिंग मशीन धडधडत होतं. हे टेबलाशी बसून मला फ्रेंच समीक्षा समजावत होते, जशी काही मी परीक्षेलाच बसणार होते! "आधीचे समीक्षक लेखकाचं घरदार, पत्रं, भानगडी उकरायचे. मग वंश आणि परिस्थिती मोजणारे आले. मग विद्यापीठातले, जुने कागद शोधणारे. महायुद्धानंतरच्यांनी सांगितलं — लेखकाला बाहेर ठेवा, मजकूर वाचा."

मी म्हटलं, "फ्रेंचांना हे नवीन असेल. आपल्याला आत कोण घेत होतं?"

हे इतके हसले की चहा सांडला.

हे गेले त्याला आज सात महिने झाले. सकाळची कामं तीच आहेत.

१५ ऑक्टोबर

यांचं समीक्षेवरचं पुस्तक जगन्नाथभाऊजींकडे आहे. यांचे कॉलेजपासूनचे मित्र, एडिसनला राहतात. नागपूरच्या प्रकाशकाशी तेच बोलतात. अकरा वर्षं हे विद्यापीठाच्या लायब्ररीत कपाटं लावून यायचे आणि लिहायला बसायचे. सुवाच्य प्रत मी करायचे. सगळं पुस्तक माझ्याच अक्षरात आहे. सातवी पास बाई, प्रत करता करता वाचायला शिकली.

१९ ऑक्टोबर

भाऊजींचा फोन. प्रकाशकाला पहिली चार प्रकरणं नकोत! "वहिनी, नागपुरात फ्रेंच लोकांना कोण विचारतो? धर्मराज कसल्या झोपडीतून आला, ते हवंय. तुम्ही सांगा, मी टेप करतो. आपल्या पोरांना कळू दे."

मी म्हटलं, झोपडीवर यांनी एक ओळ लिहिलेली नाही.

"म्हणून तर!"

यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शोकसभेतही हेच. नऊ जण बोलले, नऊही जण झोपडीवर. या माणसानं वाचलं काय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. फ्रेंच लेखकाला मजकूर. आमच्या माणसाला जन्मदाखला!

उपासना म्हणते, "आई, जस्ट लेट देम. अ‍ॅट लीस्ट छापतील." यांचीच लेक. एक पान वाचलेलं नाही.

२० ऑक्टोबर

भाजी करपली. तशीच खाल्ली.

२६ ऑक्टोबर

भाऊजी घरी आले. पोहे खाता खाता म्हणाले, "बाकी काहीही कापू दे, शेवटचं प्रकरण मी सोडणार नाही. ते वाचणाऱ्यावरचं. काय लिहिलंय वहिनी! झोपडीत कंदिलाखाली वाचलेल्या माणसालाच हे सुचतं. ओळीओळीत धर्मराज आहे."

मी आणखी पोहे वाढले.

त्या प्रकरणाचं यांनी फक्त नाव लिहून ठेवलं होतं. मार्चमध्ये गेले. एप्रिल-मेमध्ये मी ते लिहिलं. पहिल्या शब्दापासून. अक्षर एकच, कुणाला सांधा दिसला नाही. सांगितलं असतं तर यांचं पुस्तक अपुरं ठरलं असतं — म्हणून गप्प बसले. आता गप्प बसून तरी काय वाचणार आहे?

२७ ऑक्टोबर

भाऊजींना फोन करून सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, तुमचा जन्म कुठला?"

२९ ऑक्टोबर

काल उपासनाला गाडी काढायला लावली, एडिसनला जाऊन प्रत परत आणली. पहिल्या पानावर यांच्या नावाखाली लिहिलं — रत्ना.