खाडी उजव्या हाताला

वैशाली पोरी, चहा टाकायच्या आधी जरा बस, ही चिठ्ठी वाच, तुला एक गंमत सांगतो. काल दुपारी बागेत बसलेलो म्हटलं ना, ते खोटं. मी लिफ्टने चौदाव्या माळ्यावर आलो, दार उघडंच होतं, चप्पल काढली आणि सोफ्यावर आडवा झालो. जाग आली तर आपली डाव्या हाताची खाडी उजव्या हाताला! वाटलं, मी झोपलेलो तेवढ्यात कोणी अख्खं घर फिरवून ठेवलं. लांब पाण्यावर ऊन हलत होतं. बघत तसाच पडून राहिलो.

मग एक म्हातारी चहा घेऊन आली. "उठा हो आजोबा. तुमची बी विंग, ही सी."

म्हटलं, "बाई, मग आधीच हाकललं का नाही?"

तर म्हणते, "दोन वर्षांनी माझ्या दारात कोणाची चप्पल दिसली. म्हटलं, राहू दे जरा."

उर्सुला नाव तिचं, एकटीच राहते. तिचा नळ गळतोय, वायसर बदलायला चाललोय. पान्हा नेलाय. भात झाकून ठेवलाय.

तुझ्या नवऱ्याला, सम्यकला, यातलं काही बोलू नको. तो मला परत एकट्याला खाली सोडायचा नाही. गेल्या महिन्यात पण एकदा असाच चुकलेलो.

एक काम कर. माझी निळी चौकड्याची लुंगी गॅलरीत बाहेरून टांग. सोसायटीवाले बोंबलतील, बोंबलू दे. खालून ती दिसली की मी बरोबर घरी येईन.