डाव्या विंगवर कोण?

५ ऑक्टोबर, पहाटे ५.१०
नवी वही सुरू. स्पर्धेला पाच आठवडे उरले. मुलींच्या भारतीय रग्बी संघाच्या कॅम्पची यादी काल मोबाईलवर आली. नावं चोवीस, त्यात आमच्या पायलचं नाही. टायपिंगची चूक असणार. यादी म्हटली की चुका आल्याच. शाळेत बत्तीस वर्षं पी.टी. शिकवताना मीही केल्या आहेत.
डाव्या विंगवर, म्हणजे डाव्या कडेने पळायला, सुभद्रा नावाची मुलगी घेतली आहे. टॅकलला, समोरचीला धरून पाडायला, कच्ची. संघ बुडणार.
संकल्प : रोज पाच किलोमीटर चालणे. निवड समितीला पत्र. पायलला गुपचूप तयारीला लावणे. चहा बिनसाखरेचा.

६ ऑक्टोबर
चाललो नाही. पत्राचा मसुदा जास्त महत्त्वाचा. चहात अर्धा चमचा, डोकं चालावं म्हणून.

८ ऑक्टोबर, दुपार
पायलला अकोल्याला फोन केला. तिथे ती पाटबंधारे ऑफिसात क्लार्क आहे. म्हणाली, बाबा, मी कामात आहो, मंग बोलू. पोरीचा फोकस पहिल्यापासून असाच.
तीन वर्षांपूर्वी तिला याच संघाच्या कॅम्पचं पत्र आलं होतं. ते मी लॅमिनेट करून कपाटात ठेवलं आहे. त्याच आठवड्यात एका मॅचमध्ये तिचा गुडघा मुरगळला आणि जाणं राहिलं. राहिलं म्हणजे लांबलं.

१० ऑक्टोबर
पत्र नऊ पानांचं झालं. सरावाचं टाइमटेबल, ज्वारीच्या भाकरीचे फायदे, डाव्या विंगचा प्रश्न, सगळं आलं. ईमेल केला, दोन मिनिटांत परत आला. त्यांचा बॉक्स भरला असेल. म्हणजे काळजी करणारे आणखीही आहेत.
संध्याकाळी शेजारचा किशोर शेंदूरजनाघाटची संत्री घेऊन आला. त्याला चौथ्यांदा रग्बी समजावली. पळायचं पुढे आणि बॉल द्यायचा मागे. म्हणाला, सर, मंग सरळ पुढंच काहून नाई फेकत? अशा देशात संघ तयार करायचा आहे.

१४ ऑक्टोबर
धम्मचक्र प्रवर्तन दिन. पायल अकोल्याहून आली. विहारात वंदनेला सगळे खाली बसले. ती मागे, म्हाताऱ्या बायांच्या रांगेत, खुर्चीवर. पाठ ताठ राहते खुर्चीवर. खेळाडूला चांगलं.
घरी आल्यावर बायको दीपमाला म्हणाली, टीमचं सोडा, पोरीच्या पायाकडं पाहा. तिला सांगून उपयोग नाही. मी पायांकडेच तर पाहतो. या संघाचा सगळा प्रश्न पायांचाच आहे.
पायलशी ट्रेनिंगबद्दल बोलायचं राहिलं. ती लवकर झोपली.

१९ ऑक्टोबर
अकोल्याला जाऊन आलो. सोबत स्टडचे नवे बूट आणि टाइमटेबल. पायल दुसऱ्या मजल्यावर राहते. मला घ्यायला खाली उतरली. कठडा धरून, आडवी होऊन, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. एकवीस पायऱ्या. मी मोजल्या. खुर्चीवरच्या नोकरीने अंगात आळस भरतो.
बूट दिले. तिने पिशवी उघडून पाहिली आणि परत गाठ मारली. म्हणाली, बाबा, तुमी जेवून जा.
जेवताना सांगितलं, सात नोव्हेंबरला गुडघ्याचं ऑपरेशन आहे, अकोल्यातच. लिगामेंट तेव्हाच तुटलं होतं म्हणे. त्याच पायावर वावरून आतली गादी झिजली. ऑपरेशननंतर जिना नीट चढता येईल, पळायचं विसरा, असं डॉक्टरचं म्हणणं.
सात नोव्हेंबर! आठला संघाची पहिली मॅच. शेवटच्या क्षणी कोणी जखमी झालं आणि हिला बोलावलं तर? म्हटलं, महिनाभर पुढे ढकल. ती माझ्या ताटात वांग्याची भाजी वाढत राहिली.

२० ऑक्टोबर, सकाळ
शांतपणे विचार केला. डॉक्टरांना कापायची घाई असते. तेव्हाही इथल्या डॉक्टरने हेच सांगितलं होतं : आधी एमआरआय, मग ऑपरेशन, मग आठ महिने आराम. आणि कॅम्पला उरले होते पंचवीस दिवस. मी तिला परतवाड्याला पुंजाराम पहलवानाकडे नेलं. मोच आली की आमच्याकडे सगळे तिथेच नेतात. माझा खांदा त्यांनीच बसवला होता. एकवीस दिवस मालिश, अंड्याचा लेप, वरून कसून पट्टी. ती ओरडायची. मी तिचे खांदे दाबून धरायचो. पहलवान म्हणायचे, शीर बसून राहिली सर, वरडू द्या तिले.
बाविसाव्या दिवशी ग्राउंडवर पळवलं. वळताना पडली. गवत ओलं होतं.
गवत ओलं होतं, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं होतं.

२५ ऑक्टोबर
परतवाडा. अजून मालिशने काम होईल का, एवढं पहलवानांना विचारायचं होतं. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या सुनेने, जमुनाबाईंनी, चहा दिला. बोलता बोलता म्हणाल्या, मामंजीचा सोताचा गुडघा नागपूरले ऑपरेशन करून बदलला होता.
या माहितीचा आपल्या केसशी संबंध नाही.
येताना बसमध्ये मात्र पूर्ण वेळ तेच डोक्यात.

३१ ऑक्टोबर
संघाच्या सराव सामन्याचा व्हिडिओ पाहिला. सुभद्राने दोनदा रेषेपार बॉल टेकवून ट्राय केले. समोरचा संघ कच्चा. आपली तयारी शून्य. चालणं उद्यापासून. चहात दोन चमचे.

६ नोव्हेंबर
दीपमाला अकोल्याला गेली. मी थांबलो. म्हटलं, मॅच पाहायला कोणीतरी पाहिजे. म्हणाली, तुमच्या पाहण्यानं जिंकतेत का थ्या पोरी? माझ्याकडे उत्तर होतं, पण बस सुटली.
घरात करमेना. कपाटातलं पत्र काढून पुसलं. परत ठेवलं.

७ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
बडनेरा स्टेशन. का आलो ते नंतर लिहीन.

७ नोव्हेंबर, दुपार. अकोला, दवाखाना
आत नेण्याआधी डॉक्टरांनी पायलला विचारलं, लागल्यावर मालिश वगैरे केली होती का कुठे? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, नाई सर. कुठंच नेलं नाई. मीच अंगावर काढलं.
मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. खाली एक माणूस स्कूटर सुरू करत होता. खूप वेळ सुरू झाली नाही.
तिला आत नेलं.

८ नोव्हेंबर
ऑपरेशन ठीक झालं म्हणतात. पाय जाड पट्टीत. ती झोपून होती, मी बसून होतो. डॉक्टर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी उठून उभा राहिलो आणि परत बसलो. उद्या नक्की बोलणार.
आज मॅच होती. लक्षात राहिलं नाही.

९ नोव्हेंबर, सकाळ
पायलने उठल्याबरोबर विचारलं, बाबा, मॅच काय झाली? माहीत नाही म्हटल्यावर माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, लावा नं मोबाईलवर. सुभद्राले पाहू.
मग तिनेच सांगितलं, राज्याच्या संघात दोघी एकत्र होत्या. कॅम्पलाही एकाच खोलीत राहायचं ठरलं होतं. तीन वर्षं दर रविवारी फोनवर बोलतात. मला काहीच माहीत नाही. महिनाभर मी त्या पोरीला कच्ची लिहितो आहे.
मोबाईल मी धरला, दोघांना दिसेल असा. सात-सात जणींचा खेळ, चौदा मिनिटांचा. आठव्या मिनिटाला सुभद्रा वळताना पडली. गुडघा धरला. हात टेकून उठायला लागली, तर धावत आलेल्या, संघाच्या वैद्यकीय पथकातल्या दोन बायांनी तिला उठू दिलं नाही. पाय फळीला बांधला, स्ट्रेचरवर घेतलं आणि बाहेर नेलं. ती हात जोडत होती, खेळू द्या म्हणून. त्यांनी ऐकलं नाही.
आपण मोठ्या फरकाने हरलो. पायल रडत होती. मला वाटलं, हरल्याचं. म्हणाली, पाहा बाबा, तिले उभं नाई राहू देलं त्याईनं. बरं झालं.
मला तिच्याकडे पाहवेना.
डॉक्टर राउंडला आले तेव्हा उठलो आणि सांगितलं. एकवीस दिवस मालिश केली. मी नेलं, मी धरून ठेवलं, बाविसाव्या दिवशी मीच पळवलं. गवत कोरडं होतं. पायल म्हणाली, राहू द्या न बाबा. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आता त्याने काही फरक पडत नाही. पेन खिशातून काढलंसुद्धा नाही.
कोणी लिहून घेतलं नाही म्हणून इथे लिहितो. संघाची तयारी बरोबर होती. माझ्या पोरीजवळ तेव्हा स्ट्रेचर नव्हतं, मी होतो.