क्लचची तार आणि एक पत्र

९ फेब्रुवारी, रविवार

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. मी मोटारसायकल दुरुस्तीचा वर्ग सोडला हे आईने तुला सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. गुडघ्यांमुळे सोडला असंही सांगितलं असेल. ते खोटं आहे, पण त्यात तिचा दोष नाही. मीच तिला तसं सांगितलं.

आधी तुला हसायचं ते हसून घे. फोर स्ट्रोक इंजिनाची आकृती मी एकतीस वर्षं रंगीत खडूंनी फळ्यावर काढली. पहिल्याच दिवशी वर्ग शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी कार्बोरेटर दाखवा म्हटलं आणि मी बॅटरीवर बोट ठेवलं. माझ्या निम्म्या वयाची मंडळी माना खाली घालून हसली. आकृतीत सगळं कसं कापून, आतून दिसतं. गाडीत सगळं झाकलेलं, तेलकट, आणि जो बोल्ट सोडवायचा तो नेमका जिथे हात पोचत नाही तिथे. आठ दिवसांत मला स्पार्क प्लग धड काढता आला नाही. तू या कामात आनंदाने आयुष्य कसं काढतेस, देव जाणे.

मंगळवारी क्लच होता. तार बसवल्यावर मूठ आधी थोडी मोकळी जायला हवी, मग तार ओढली जायला हवी. मला ते मोकळं जाणं म्हणजे गबाळेपणा वाटला. मी तार कसून ताणली. मग गाडी सुरू केली तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जेमतेम सरकतेय, वर जळका वास. मेस्त्री म्हणाले, थोडी ढील ठेवा गुरुजी, सगळंच ताणून धरलं की आतल्या प्लेटा जळतात. मी चिडून म्हटलं, मग पुस्तकात तसं लिहा. पुस्तकात लिहिलेलं होतं.

एवढ्यावर मी वर्ग सोडला नसता. तुझ्या गॅरेजच्या उद्घाटनाला मला अडाण्यासारखं उभं राहायचं नव्हतं, म्हणून तर नाव घातलं होतं. आणि एकोणीस वर्षांनी तिथे कोणाला काय आठवणार, असं धरून चाललो होतो.

गुरुवारी मेस्त्रींनी हजेरीत माझं आडनाव पाहिलं. म्हणाले, "प्रवेशाच्या परीक्षेला तुमची मुलगी आली होती ना? कार्बोरेटर न अडखळता जोडलान पोरीने. यादीत पहिली होती. महिनाभर तिची जागा रिकामी ठेवली मी. का नाही आली हो?"

मी गुडघे दुखतात म्हणून घरी आलो.

ठमे, निवडीचं पत्र आलं होतं. पोस्टमनने शाळेत माझ्या हातात दिलं. मी ते प्रयोगशाळेतल्या बर्नरवर जाळलं आणि घरी येऊन यादीत तुझं नाव नाही म्हणालो. तू रडलीस तेव्हा चौकशी करतो म्हणून बाहेर पडलो. तास-दीड तास बागेत बसलो आणि परत आलो. सगळ्यांशी भांडून आलो असं तुला सांगितलं. शिक्षकाची मुलगी लोकांच्या गाड्यांखाली झोपणार, याची मला लाज वाटत होती. त्यापायी सहा वर्षं तू दुसऱ्यांच्या गॅरेजात गाड्या धूत काम शिकलीस.

मी भांडून आलो हे तू कधीतरी विसरशील असं वाटलं होतं. उलट मागच्या रविवारी फोनवर म्हणालीस, गॅरेजचं दार बाबांनीच उघडायचं, कारण सगळ्या जगात माझ्यासाठी भांडायला तेच गेले होते. मी फोन आईकडे दिला.

माफ कर असं लिहून दोनदा खोडलं. मागण्याचं तोंड नाही. दार दुसऱ्या कोणाकडून उघडून घे. मेस्त्रींना बोलाव, त्यांना खरोखर आनंद होईल. मी यायचं की नाही हे तू ठरव. नको म्हणालीस तर आईला एकटीला गाडीत बसवून देईन. ती कारण विचारेल. ते तू सांगू नकोस, मी सांगेन.

पुढच्या रविवारी फोन आला नाही तरी मी समजेन.

तुझ्यासाठी भांडायला कधीच न गेलेला,
तुझा बाप