कातळचं खरं गाणं कोणतं, विज्या?

प्रिय विज्या,

हसू नकोस. वहीचं पान फाडून तुला पत्र लिहितोय, कारण मोबाईलवर लिहिलं की ते तुझ्या आईकडे, आमच्या मावशीकडे जातं. बँडच्या ग्रुपमधून तुझा नंबर काढायचं आमच्यापैकी कुणाच्याच हातून झालं नाही, आणि मावशी तुझा फोन रोज चार्ज करून तुझ्या फोटोजवळ ठेवते. चार दिवस मी, कल्पी आणि सुनील ग्रुपवर कचाकचा भांडतोय आणि तिकडे तुझा फोन टिंग टिंग वाजतोय. शेवटी काल सकाळी मावशीचा फोन आला.

"संद्या बाला, काय झालाय रे तुमाला? याचा फोन गप बसत नाय. भांडताव का काय?"

मी म्हटलं, "नाय मावशी, गाण्याचं चाललंय."

तर म्हणते, "मग चालू दे. तो असता तं तो पण भांडला असता."

तिला काय ठाऊक! तू कधी भांडलासच कुठे? भांडायचो मी. तू नुसता ड्रमच्या काड्या फिरवत बसायचास.

तर झालंय असं. रविवारी शहापूरला तुझ्या आठवणीचा कार्यक्रम आहे. भजनवाले येणार, बेंजोवाले येणार, मुरबाडची कॉलेजची पोरं येणार. प्रत्येकानं एकच गाणं वाजवायचं. आता नऊ वर्षांत आपली गाणी बावीस, त्यातलं एक कोणतं? ऐकल्या ऐकल्या माणसानं म्हटलं पाहिजे, हा, हे कातळ!

सुनील म्हणतो 'टमटम'. त्याचं बेस गिटार त्यात सगळ्यात जोरात आहे, दुसरं कारण नाही. वर मलाच सांगतो, "लोकं नाचली पायजेत. विज्याला रडका कार्यक्रम चालायचा नाय." कल्पी म्हणते 'राब'. शेत भाजायच्या दिवसांवर तिनं लिहिलेलं, तेच. आणि मी म्हणालो 'धरण'. त्यात वाद कसला? 'हंडा आमचा, पाणी त्यांचं' ही ओळ आटगावपासून कसाऱ्यापर्यंत पोरांना पाठ आहे. 'राब' काय, बसक्या बैलासारखं. उठतच नाही. तसं मी ग्रुपवर लिहिलंही. कल्पीनं उत्तर दिलं, "घाई तुला आहे, गाण्याला नाय." मग काय, जुंपलीच!

तुला आठवतं, नाव कसं पडलं ते? मावशीनं विचारलं होतं, रॉक बँड म्हणजे काय रे? आणि तू जेवता जेवता म्हणालास, "रॉक म्हणजे कातळ. कातळाचा बँड." ती म्हणाली, "मग डोकी फोडा एकमेकांची." आपण त्या दिवसापासून कातळ.

मुरबाड रोडची ती बंद भातगिरणीही आठवते. तू तानशाकडून मोटरसायकलवर ड्रम बांधून यायचास, मोठा ड्रम मागे आणि झांजा गळ्यात. गिरणीत कोंडा इतका की कल्पी प्रत्येक गाण्यानंतर दारात जाऊन उभी राहायची. मी ओरडायचो, "ए बाई, हवा खायला आलीस काय?" मला वाटायचं नखरे आहेत.

आणि तुझा तो उशीर! प्रत्येक गाण्यात कुठेतरी तुझा ठोका अर्ध्या मात्रेनं मागे पडायचा. सगळीकडे नाही, मधेच. मला कळायचंच नाही की ज्याचा हात एवढा तयार, त्याचा तोल नेमका तिथेच कसा जातो. एकदा चिडून विचारलं, हे शिकलास कुठे? तू दात काढलेस. "आईबरोबर भात झोडायला बस एकदा. एका फळीवर दोघं समोरासमोर. समोरच्याचा हात बघून मारायचा असतो रे, नायतर टाळक्यात बसंल." मला वाटलं चेष्टा करतोयस. तुझं खरं कोणतं आणि चेष्टा कोणती, हे कळायला आणखी थोडी वर्षं हवी होती.

आता कल्याणचं लिहितो. टाळत होतो, पण लिहितो.

'धरण' रेकॉर्ड करायला तिथल्या स्टुडिओत गेलो होतो. तिथल्या माणसानं तुझ्या कानात ताल मोजायची टिकटिक लावली. समोर कल्पी गात होती. पहिल्या दोन ओळी सुरेख, तिसरीला तू मागे. पुन्हा केलं, पुन्हा मागे. सात वेळा. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "ड्रमर ढिला आहे तुमचा." तू कानातलं काढून ठेवलंस आणि म्हणालास, "चहा आणतो." तू पिशवीतून चहा घेऊन परत येईपर्यंत मी त्याला सांगून टाकलं होतं, ड्रम मशीनवर लावा. तू दारात उभा राहून ऐकलंस. म्हणालास, "चांगलं केलंस. टाइम वाचला."

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण गाणं नेटवर टाकताना मी खाली लिहिलं, 'ड्रम : विजय'. मला वाटलं, केवढा मोठा मनाचा मी! मग एसटी स्टँडवर, लग्नात, जिथे तिथे लोक तुझ्या पाठीवर थाप मारायला लागले. "विजय, 'धरण'मध्ये काय हात चाललाय तुझा!" आणि तू नुसती मान डोलवायचास. जे वाजवलंच नाही त्याची शाबासकी घेताना माणसाला काय होत असेल रे? मी कधी विचारलं नाही. तुझ्या मातीलाही एक जण माझ्याजवळ तेच बोलला. मी "हो" म्हणालो.

कावीळ अंगावर काढलीस. डोळे हळद झाले तरी "दोन दिवसांत येतो गिरणीत" म्हणत राहिलास. मूर्खपणाला काही सीमा? माफी मागायला मला दोन दिवस तरी द्यायचे होतेस.

काल संध्याकाळी आम्ही प्रॅक्टिसला बसलो. मुरबाडचा एक चांगला ड्रमर बोलावला होता, एकदम घड्याळासारखा. कल्पीच्या हट्टासाठी एकदा 'राब' घेतलं. तिसऱ्या ओळीला कल्पी थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबली, खोकायला लागली. मी आपला नेहमीसारखा, "कल्पे, काय लावलंयस?"

तिनं पर्समधून पंप काढला, तोंडाला लावला, आणि म्हणाली, "दमा आहे मला. लहानपणापासून."

नऊ वर्षं, विज्या! नऊ वर्षं मी तिच्या बाजूला उभा होतो, गिटारवरच्या माझ्याच बोटांकडे बघत.

"तिसऱ्या ओळीला माझा श्वास पुरत नाय," ती म्हणाली. "विज्या माझे खांदे बघायचा. खांदे खाली आले की मगच मारायचा."

"मग तो बोलला का नाही कधी?"

"मी शपथ घातली होती. घरी कळलं असतं तर गाणं बंद केलं असतं माझं. आणि ते 'धरण' म्हणतोस ना? कल्याणला माझ्याकडून एकेक ओळ तोडून गाऊन घेतली. त्यात विज्या नाय, आणि मी पण नाय."

सुनील उठून बाहेर गेला. ढिला म्हणवून घेतलंस, मशीन लावलेलं सहन केलंस, पण एका शब्दानं बोलला नाहीस. गाढवा, मला तरी सांगायचं होतंस! की मी सांगण्याजोगा नव्हतोच?

खरं सांगू, मी 'धरण' का धरून बसलो होतो? रविवारी तेच वाजलं असतं, सगळ्यांनी तुझ्या नावानं टाळ्या दिल्या असत्या, आणि माझं खोटं कायमचं खरं झालं असतं. बाकी सगळी नाटकं.

आज सकाळी ग्रुपवर एकच शब्द लिहिला, 'राब'. सुनीलनं अंगठा पाठवला. कल्पीला विचारलं, दम्याचं लोकांना सांगू का? म्हणाली, "ते माझं मी सांगीन. तू तुझं सांग."

तर माझं सांगणार आहे. शब्द देतो. रविवारी माईक हातात घेऊन सांगेन की 'धरण'मधले ड्रम मशीनचे आहेत, तिथे विजयचं नाव मी घातलं, आणि ते त्याला न विचारता घातलं. मावशी पहिल्या रांगेत असेल. तिच्यासमोर सांगेन. लोक म्हणतील, मग विजय कुठाय? तेव्हा आम्ही 'राब' सुरू करू. तिसऱ्या ओळीला कल्पी श्वास घेईल, आणि तिचे खांदे खाली येईपर्यंत आम्ही सगळे थांबू. लोकांना वाटेल, चुकले.

वाटू दे.

तुझाच,
संद्या